लोखंड आणि मैदान (भाग ५) : आठवडा कसा मांडायचा?

"सर, काल लेग मारला, आज पाय उचलूनच नाही रायले." गेल्या मंगळवारी पहाटे अमरावतीच्या मैदानावर एक पोरगा कुरकुरत होता. ४०० मीटरच्या सहा वेगवान फेऱ्या ठरल्या होत्या. तिसरीतच तो गुडघ्यांवर हात ठेवून वाकला. मेहनत कमी नव्हती, दिवस चुकला होता. मागच्या भागात बारबेलचे चार मूळ प्रकार पाहिले. आज ते पळण्याशेजारी कुठे बसवायचे ते पाहू.

अमरावती-अकोल्यातली बहुतेक पोरं पळतात ती पोलीस भरतीसाठी. शिपाईपदाच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटरला २० गुण, १०० मीटर आणि गोळाफेकीला प्रत्येकी १५. १६०० मीटरचे पूर्ण गुण हवेत तर ५ मिनिटं १० सेकंद. म्हणजे ४०० मीटरची एक फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत, अशा सलग चार. गोळा ७.२६ किलोचा. दम, वेग आणि ताकद, तिन्ही एकाच अंगातून काढायचं आहे.

व्यायाम वऱ्हाडाला नवा नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथलं पथक देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. दंड-बैठका आपल्या हाडीमाशी आहेत. पण दोनशे बैठका मारल्या की पायांचा दमच पुन्हा वाढतो, आणि तो तर पळण्यातून मिळतोच आहे. बारबेलकडून हवं ते वेगळं : थोड्या वेळा, पण जड.

दोन्ही रोज केलं तर? अमेरिकी संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० मध्ये दहा आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. ताकद आणि दम दोन्हींचा कसून सराव करणाऱ्यांची ताकद सुमारे सात आठवडे वाढली, मग थबकली आणि शेवटी उतरू लागली. दम मात्र वाढतच होता. त्यांचा सराव जवळपास रोजचा होता. म्हणून बारबेलला आठवड्यातून दोनच दिवस द्या.

आता मांडणी. सोमवारी सकाळी ४०० मीटरच्या वेगवान फेऱ्या, संध्याकाळी स्क्वॉट आणि बेंच प्रेस. मंगळवारी सावकाश पाच किलोमीटर, गप्पा मारता येतील अशा चालीने. बुधवारी फक्त गोळ्याचं तंत्र. गुरुवारी सकाळी १०० मीटरचे वेग, संध्याकाळी डेडलिफ्ट आणि ओव्हरहेड प्रेस. शुक्रवारी आराम. शनिवारी सात-आठ किलोमीटर रमतगमत. रविवारी पुन्हा आराम.

यातली मेख अशी की जड दिवस जडच ठेवलाय आणि हलका हलकाच. लोक उलट करतात : आज लोखंड, उद्या वेग, परवा पुन्हा लोखंड. मग पायांना एकही मोकळा दिवस मिळत नाही. सकाळच्या पळण्यात आणि संध्याकाळच्या बारमध्ये किमान सहा तासांचं अंतर हवं. आधी पळणं, कारण जास्त गुण तिथे आहेत.

वजनाचा हिशेब सोपा. प्रत्येक प्रकाराचे पाच-पाचचे तीन सेट. शेवटच्या सेटनंतरही आणखी दोन निघाले असते, एवढा जीव राखा. तिन्ही सेट नीट झाले की पुढच्या वेळी दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची प्लेट, म्हणजे अडीच किलो. दर चौथ्या आठवड्यात एक सेट कमी करा. चाचणीला दहा दिवस उरले की डेडलिफ्ट बंद.

उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे गेला की अकोल्यात सकाळी आठचं ऊनही सोसवत नाही. तेव्हा फेऱ्या उजाडायच्या आत संपवा. वेळ हुकली तर फेऱ्या कमी करा, उन्हाशी पैज लावू नका.

तो पोरगा आता सोमवारी दोन्ही उरकतो. परवा मंगळवारी तो रमतगमत पळत होता, बोलतही होता.

पुढच्या आठवड्यात : ज्वारीची भाकर, चणे आणि झोप.