विश्लेषण : वर्गात जवळपास निम्म्या मुली, मग कुलगुरूंच्या खुर्चीत महिला का नाहीत?

वसईच्या पाचूबंदर कोळीवाड्यात मासळीची विक्री आणि पैशांचा हिशेब परंपरेने बायकांच्या हाती. इथल्या मुली वसईतल्या महाविद्यालयात शिकतात, तेव्हा पदवी मिळते मुंबई विद्यापीठाची. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाला पहिल्या महिला कुलगुरू मिळाल्या त्या थेट १९९५ मध्ये : डॉ. स्नेहलता देशमुख. २००० मध्ये त्यांची मुदत संपली. त्यानंतर पूर्णवेळ कुलगुरू झाले ते सगळे पुरुष.

मुली मागे आहेत का?

नाही. २०२१-२२ च्या केंद्रीय सर्वेक्षणानुसार देशात उच्च शिक्षण घेणाऱ्या ४.३३ कोटींपैकी २.०७ कोटी मुली होत्या. शिक्षकांमध्येही महिला सुमारे ४३ टक्के.

मग अडते कुठे?

बरेचसे वयाच्या गणितात. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार कुलगुरूपदासाठी विद्यापीठात प्राध्यापक म्हणून किंवा नामांकित संशोधन वा शैक्षणिक प्रशासन संस्थेत १० वर्षांचा अनुभव लागतो. राज्याच्या २०१६ च्या कायद्यानुसार मुदत पाच वर्षांची, पण वयाच्या ६५ व्या वर्षी पद सोडावेच लागते. म्हणजे पन्नाशीत प्राध्यापक झालेल्या व्यक्तीला पूर्ण मुदत जेमतेम मिळते. बढती ५५ व्या वर्षी मिळाली, तर १० वर्षे भरतात तेव्हा वयोमर्यादाही संपलेली असते.

ही बढती पीएचडी आणि शोधनिबंधांवर ठरते. त्यांची वर्षे नेमकी लेकरे लहान असण्याची. पीएचडीसाठी यूजीसी महिलांना दोन वर्षे जास्त देते, प्रसूती रजाही देते. १० वर्षांच्या अटीत मात्र तशी सवलत नाही. प्राचार्यपदालाही पीएचडी, १५ वर्षांचा अनुभव आणि किमान १० शोधनिबंध हवेतच.

महिला कुलगुरू आल्याने काय बदलते?

बालशल्यचिकित्सक आणि शीव रुग्णालयाच्या अधिष्ठाता राहिलेल्या देशमुख यांच्या काळातला एक निर्णय आजही आठवला जातो : विद्यार्थ्यांच्या प्रमाणपत्रावर आईचे नाव.

इतरत्र काय?

एसएनडीटीत महिला कुलगुरूंची परंपरा आहे, पण ते महिला विद्यापीठ. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठाने १९४९ मध्येच हंसा मेहतांना कुलगुरू केले. पुणे विद्यापीठात शिकवणाऱ्या शांतिश्री पंडित २०२२ मध्ये जेएनयूच्या पहिल्या महिला कुलगुरू झाल्या.

राज्यात शोध समिती किमान पाच नावे कुलपती असलेल्या राज्यपालांकडे पाठवते. त्यात एक तरी महिला असावी, अशी अट नाही.