गोधडीतला वाकडा टाका

जुन्या लुगड्यांची आणि धोतरांची गोधडी शिवणे ही आपल्याकडे कला म्हणून फारशी कुणी मोजली नाही. तो संसारातल्या काटकसरीचा भाग होता. कोल्हापूर-साताऱ्याकडे तिला वाकळ म्हणतात, तान्ह्या बाळासाठी शिवली की तेच दुपटे. आमच्या मरोळ-साकीनाका भागात कपडे शिवणारे छोटे कारखाने आणि टेलरची दुकाने आहेत, त्यामुळे रंगीत कात्रणांना तोटा नाही. आरोग्याच्या सदरात गोधडी कशाला, असे वाचक विचारतील. सांगतो.

अंगावरून वारे गेलेल्या, म्हणजे अर्धांगवायूचा झटका येऊन सावरलेल्या रुग्णाचा लुळा हात हळूहळू घरातल्या कुणाच्याच हिशेबात राहत नाही. चांगला हात सगळी कामे करतो, दुबळा मांडीवर पडून राहतो आणि न वापरल्यामुळे अधिकच निकामी होतो. मेंदूला त्या हाताची सवय पुन्हा लावायची तर तेच तेच काम रोज, पुष्कळदा करावे लागते. फिजिओथेरपिस्ट व्यायाम देतात, ते केलेच पाहिजेत. पण रबरी चेंडू दाबण्याचा आठ दिवसांत कंटाळा येतो. गोधडीला मात्र दोन्ही हात लागतात. उजवा सुई चालवतो, डाव्याला कापड धरावे, ताणावे, सरकवावे लागते. त्याला सुट्टी नाही.

माझ्याकडे येणाऱ्या सत्तरीच्या एका आजींचा डावा हात असाच होता. पकड थोडी परतली होती, पण ‘आता माझ्याच्यानं काही व्हायचं नाही’ हे मनाने पक्के धरले होते. गोधडीचे नाव काढताच म्हणाल्या, ‘डॉक्टर, टाके वाकडे येतील.’ मी म्हटले, ‘येऊ द्यात. आजी, तुम्ही मोजमाप करूच नका.’

मोजमापाशिवाय चौकोन जुळवायची रीत सोपी आहे. मधोमध एक वेडावाकडा तुकडा घ्यावा. त्याच्या एका बाजूला पट्टी जोडावी, मग दुसऱ्या बाजूला, अशा फेऱ्या घालाव्यात. पट्टी तोकडी पडली तर तिला दुसऱ्या रंगाचे ठिगळ, लांब झाली तर कात्री. मग सगळे चौकोन जोडून, खाली जुन्या साडीचे थर देऊन, काठाकडून आत धावदोरा घालत जायचे. कर्नाटकात हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी बायका आपली ‘कवंदी’ अशीच काठापासून मध्याकडे शिवत नेतात आणि कोपऱ्यांना घडी घातलेले तिकोनी तुकडे लावतात. त्यांना त्या फुले म्हणतात. अमेरिकेत अलाबामातल्या गीज बेंड गावच्या कृष्णवर्णीय बायकांच्या अशाच गोधड्या 2002 साली ह्यूस्टनच्या कला संग्रहालयात मांडल्या गेल्या. त्यांच्याही रेघा सरळ नाहीत.

चुका होतातच, आणि त्या बोलतात. कापडाला चुण्या पडल्या तर दोरा फार ओढला गेला. तुकडा एका बाजूला ताणला गेला तर तो उरेब कापलेला होता. पहिल्या धुण्यात रंग उतरला तर नवे कात्रण आधी भिजवले नव्हते. दोरा सारखा गुंतत असेल तर तो हातभरापेक्षा लांब घेतला असणार. हे कुणी शिकवावे लागत नाही, पुढच्या चौकोनात आपोआप सुधारते.

आजींच्या सुनेने पहिल्या दोन चौकोनांची शिवण उसवायला घेतली होती. मी ती राहू द्यायला सांगितली. चार महिन्यांनी गोधडी दवाखान्यात आली, तेव्हा एका टोकाला अर्धा-अर्धा इंच अंतरावरचे भरकटलेले टाके होते आणि पुढे ते जवळ येत, सरळ होत गेले होते. हाताची सुधारणा इतकी स्पष्ट माझ्या कागदांवरही नव्हती. आजी मात्र बोट ठेवून एकेक चूक दाखवत होत्या, आणि हसत होत्या.

झटका आलेला नसला तरी हे काम वाया जात नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने 2011 साली 70 ते 89 वयाच्या तेराशेवर लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विणकाम, गोधडीकाम, वाचन अशा गोष्टींत रमणाऱ्यांमध्ये विस्मरणाची सुरुवात कमी आढळली. अर्थात ज्यांची बुद्धी शाबूत तेच अशी कामे करत राहतात, असेही असू शकेल. म्हणून गोधडीला औषध म्हणू नये.

आता थोडी काळजी. चाळिशीनंतर जवळचे धूसर दिसते, तेव्हा आधी डोळे तपासून घ्यावेत. मोतीबिंदू असला तर दिवा कितीही मोठा लावून उपयोग नाही. भिंतीला पाठ टेकून, मांडीवर उशी घेऊन काम वर उचलावे, म्हणजे मान वाकत नाही. वीस मिनिटांनी उठून दोन पावले चालावे. जुन्या कापडांच्या धुळीने दमा उसळतो, म्हणून ती गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावीत. मधुमेह्यांच्या बोटांना बधिरता असते, सुई टोचलेली कळत नाही. त्यांनी अंगुस्तान घालावे आणि रात्री बोटे नीट पाहावीत. टोचलेच तर साबणाने धुवावे, आणि धनुर्वाताची लस गेल्या दहा वर्षांत घेतली नसेल तर डॉक्टरांना विचारावे. घरात रांगते मूल असेल तर काम उरकल्यावर सुया मोजून डबीत ठेवाव्यात. एक कमी भरली तर ती सापडेपर्यंत मुलाला खाली सोडू नये.