बर्फातल्या खलनायकाचे दुःख

आपल्या घरांतील मुले दूरचित्रवाणीवर जी कार्टूने पाहतात, ती वडीलधाऱ्यांनी एकदा शेजारी बसून पाहावीत असे मला फार दिवसांपासून वाटते. त्यांतला सगळाच माल चांगला असतो असे नव्हे. परंतु काही ठिकाणी इतके प्रौढ कथाकथन आढळते की, ते केवळ मुलांच्या खात्यावर टाकून मोकळे होणे हा त्या कलेवर अन्याय होईल. आज अशाच एका पात्राची हकीकत रसिक वाचकांपुढे ठेवावयाची आहे. हे पात्र नायक नव्हे, खलनायक आहे.

अमेरिकेतील कॉमिक्सचा सुप्रसिद्ध नायक बॅटमन १९३९ साली अवतरला. डोळ्यांदेखत आईबापांचा खून झाला म्हणून तो गुन्हेगारांचा वैरी बनला, ही त्याची मूळ कथा त्याच वर्षी सांगितली गेली आणि तिचा गाभा आजही कायम आहे. त्याच्या शत्रूंचे तसे नाही. प्रत्येक पिढीच्या लेखकांनी त्यांना नवा स्वभाव दिला, कधी नवे नाव दिले, तर कधी पूर्वायुष्यच बदलून टाकले.

१९५९ साली या कथांत ‘मिस्टर झीरो’ नावाचा एक चोर आला. प्रयोग करताना अपघात झाल्यामुळे त्याला अतिशीत वातावरणातच जगता येई. अंगात थंडी राखणारा पोशाख, हातात गोठवणारी बंदूक आणि डोळा जडजवाहिरांवर, एवढेच त्याचे भांडवल. पुढे १९६६ साली सुरू झालेल्या दूरचित्रवाणी मालिकेत तो ‘मिस्टर फ्रीझ’ झाला. जॉर्ज सँडर्स, ऑटो प्रेमिंजर आणि इलाय वॉलाक अशा तिघांनी ती भूमिका पाळीपाळीने केली. नट बदलले तरी कोणाला चुकल्यासारखे वाटले नाही, कारण पात्राला आतून काही नव्हतेच! पडद्यावरचे हे नवे नाव मग कॉमिक्सनेही उचलले. परंतु मान काही वाढला नाही. १९९१ सालच्या एका कथेत जोकरच्या हातून त्याला मारूनही टाकण्यात आले.

आणि लगेच पुढच्या वर्षी, १९९२ च्या सप्टेंबरात, बॅटमनच्या नव्या कार्टून मालिकेत ‘हार्ट ऑफ आइस’ हा भाग दाखविला गेला. लेखक पॉल डिनी, दिग्दर्शक ब्रूस टिम. येथे त्या चोराला व्हिक्टर फ्राइज हे नाव आणि नोरा ही पत्नी मिळाली. नोराला असाध्य रोग जडलेला. उपाय सापडेपर्यंत शास्त्रज्ञ पती तिला हिमनिद्रेत ठेवतो. परंतु कंपनीचा मालक फेरिस बॉइल खर्चाच्या नावाखाली प्रयोग बंद पाडतो आणि झटापटीत व्हिक्टरला रसायनांत लोटतो. त्यानंतर थंडीवाचून त्याला जगता येत नाही. तो सूड घेण्यास निघतो तेव्हा याच बॉइलला परोपकारी उद्योगपती म्हणून सन्मान मिळत असतो!

गाण्याच्या घरात वाढलेल्या माणसाचा कान प्रथम जातो तो आवाजाकडे. मायकेल अन्सारा या नटाने फ्रीझचे बोलणे जवळजवळ एकाच स्वरावर ठेवले आहे. चढ नाही, उतार नाही, कंप नाही. दुःख दाखवायचे म्हणजे आवाज थरथरवायचा, अशी अनेकांची समजूत असते; माझ्या शिकवणीतली मुलेही करुण बंदिश आली की आधी गळा हलवू लागतात. स्वर न हलविता करुण रस कसा उभा राहतो, हे या कार्टूनातून त्यांना दाखवावे असे मला अनेकदा वाटले आहे. या मालिकेचे संगीत शर्ली वॉकर यांच्या नेतृत्वाखाली झाले. वाद्यवृंदाच्या त्या साथीला मुलांचे म्हणून हलके लेखलेले नाही.

आता वडीलधाऱ्यांची शंका अशी की, खलनायकाचे दुःख असे रंगविले तर मुलांना दुष्टपणाच प्रिय होणार नाही काय? शंका रास्त आहे. परंतु या कथेचा शेवट पाहावा. बॉइलचे कृत्य उघड होते, पण फ्रीझही सुटत नाही. सूडाच्या भरात निरपराध माणसे मेली तरी चालतील, अशी त्याची वृत्ती झालेली असते, आणि म्हणून त्याची जागा तुरुंगातच ठरते. कोठडीत, नर्तिकेची बाहुली असलेला काचेचा गोल हाती घेऊन, तो नोराची क्षमा मागतो. कारण समजणे आणि क्षमा करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मुलाला याहून सोपे करून कोण सांगणार? आपल्याकडे भासाने ‘ऊरुभंगा’त मांड्या मोडलेल्या दुर्योधनाबद्दल करुणा उत्पन्न केली, म्हणून काही द्यूतसभेचे पाप धुतले गेले नाही.

कार्टूनाने दिलेले हे पूर्वायुष्य पुढे मूळ कॉमिक्सनेही स्वीकारले आणि १९९७ च्या चित्रपटातही नोरा आली. एका घराण्याची बंदिश दुसऱ्याने मांडावी आणि मग पहिल्यानेही त्याच वळणाने गावी, तसा हा प्रकार. परंतु प्रत्येक नवे वळण मानवतेच असे नाही. २०१२ साली कॉमिक्सने सांगितले की, नोरा ही व्हिक्टरची पत्नी कधी नव्हतीच. तो जन्माला येण्याआधीच गोठविलेल्या एका परक्या स्त्रीवर त्याने मनाने हक्क सांगितला होता. पुष्कळ चाहत्यांना हे रुचले नाही. मलाही त्यात करुणेची जागा धक्क्याने घेतल्यासारखी वाटते. तरीही त्या कथेने एक बोचरा प्रश्न विचारला, हे मान्य केले पाहिजे. ज्या स्त्रीसाठी हे सारे चालले, तिला स्वतःला काय हवे होते? इतकी वर्षे ती काचेच्या पेटीत मुकी उभी होती. २०१९ च्या कथेत अखेर ती जागी झाली, आणि पतीच्या स्वप्नातली सालस नोरा न राहता स्वतःच्या मर्जीने गुन्ह्याच्या वाटेला लागली!

साठ वर्षांत एक पोशाखी चोर कोठून कोठवर आला पाहा. म्हणून घरात मुले कार्टून लावून बसली असतील, तर ‘बंद करा’ म्हणण्यापूर्वी घटकाभर थांबून एवढेच विचारावे, “हा दुष्ट का झाला रे? आणि म्हणून त्याने केले ते बरोबर ठरते का?” या दोन प्रश्नांवर मुले पुष्कळ बोलतात, असा अनुभव आहे.