कोथिंबीर गेल्या वर्षीचं जेवते

आधी एक हिशोब करून टाकू. युरियाची गोणी 45 किलोची. त्यात नत्र 46 टक्के, म्हणजे सुमारे 20 किलो. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का. तेवढंच नत्र शेणखतातून द्यायचं तर 4 टन खत वाहून आणायचं, ढीग घालायचे, मजूर लावून पांगवायचं. एवढं करून पहिल्या हंगामात त्यातला साधारण तिसरा हिस्साच पिकाच्या तोंडी लागतो! हिशोब इथंच संपला असता, तर नांदेड-लातूरकडचे उकिरडे कधीच बुजले असते.

हिशोबाची पुढची बाजू कोथिंबिरीत बघा. लातूर जिल्ह्यातल्या कास्ती कोथिंबिरीला तर 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कोथिंबीर म्हणजे दीड महिन्याचा खेळ. खत मात्र सावकाश, जिवाणूंच्या सवडीनं उलगडतं. म्हणजे खताच्या रानात आज कापलेली जुडी बरंचसं गेल्या वर्षीचं, त्याच्याही आधीचं खत खाऊन वाढलेली असते. बाप खत टाकतो आणि लेक जुडी बांधतो, असंच म्हणा ना.

पण खरी गंमत नत्रात नाहीच. आपली काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात बुटाला चिकटून किलोभर वर येते. या दोन टोकांमधला वाफसा फार थोडे दिवस टिकतो आणि भाजीवाल्याची लावणी, खुरपणी सगळी त्यातच उरकावी लागते. कुजलेलं खत मातीचे कण एकमेकांना धरून ठेवतं. ढेकूळ मुठीत दाबलं तर चिकटत नाही, रवाळ फुटतं. मग पाणी मुरतं, मुळांना हवा मिळते, वाफसा लवकर येतो. चुनखडीच्या रानात अडकून पडलेलं लोह आणि जस्तही खतातल्या आम्लांमुळे थोडंफार सुटतं.

शेण मात्र कुजलेलंच हवं. ताजं टाकलं की हुमणीला आमंत्रण आणि तणाचं बी फुकट. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांनी यावर भोकं ठेवलेलं विटांचं टाकं शोधलं. त्यांच्या आद्याक्षरांवरून ते नाडेप झालं. थोडं शेण, बराच काडीकचरा, मधे माती आणि तीन-चार महिन्यांचा धीर. जनावरं कमी झालेल्या आजच्या गोठ्यांना हे सोयीचंच.

आता पैशाचं. बाजारातल्या सौद्यात शेणखतावरच्या मेथीला वेगळा भाव नाही. प्रमाणपत्र आणि ओळखीचं गिऱ्हाईक असेल तरच चार पैसे जास्त मिळतात. फायदा होतो तो वाचलेल्या गोण्यांत आणि ताणात तगलेल्या रोपांत. रासायनिक खत एका झटक्यात बंद केलं तर सुरुवातीला माल घटण्याचीच शक्यता जास्त. म्हणून यंदा सगळं रान नको, दोन वाफे घ्या. निम्मं नत्र गोणीतून, निम्मं उकिरड्यातून. आणि तीन वर्षं वही ठेवा.