आकडा टाकलेले जनुक

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखालची अक्रोडाएवढी ग्रंथी. तिच्या पेशी टेस्टोस्टेरॉनच्या हुकमावर चालतात आणि कर्करोग नेमका तोच हुकूम पळवतो. कसा, ते २००५ साली मिशिगन विद्यापीठातल्या अरुल चिन्नय्यन यांच्या गटाने दाखवले. २१ क्रमांकाच्या गुणसूत्रावर दोन जनुके आहेत. पहिल्याला टेस्टोस्टेरॉन चालू करते. दुसरे, ईआरजी, प्रोस्टेटमध्ये एरवी गप्पच. मधला सुमारे ३० लाख अक्षरांचा डीएनए गळाला की दोन्ही जोडली जातात, आणि तारेवर आकडा टाकून वीज चोरावी तसे ईआरजी धडधडू लागते. युरोपीय वंशाच्या रुग्णांत जवळपास निम्म्या गाठींत ही जोडणी सापडते. आशियाई रुग्णांत बरीच कमी.

एवढ्याने गाठ उग्र होतेच असे नाही. पेशीवाढीला लगाम घालणारे पीटेन जनुक हरवले, की मात्र ती उधळते.

मग हुकूमच बंद केला तर? चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये तेच केले आणि १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. गाठी आक्रसतात, पण पसरलेला रोग बहुधा परततो. हुकूम ऐकणाऱ्या ग्राहीच्या जनुकाच्या प्रती पेशी वाढवतात, म्हणजे कुजबुजही ऐकू यावी. काही तर संप्रेरक बसण्याची जागाच नसलेला तोकडा ग्राही बनवतात. तो हुकमावाचूनच कामाला लागतो! (बिलंदरपणाला दाद द्यावी लागते.)

बीआरसीए-२ हे जनुक बिघडलेल्या गाठी मात्र डीएनएची दुरुस्ती नीट करू शकत नाहीत. ओलापारिब हे औषध त्याच उणिवेवर घाव घालते.