ऑपेराच्या घरात म्युझिकल

लंडनच्या कोलिझियम थिएटरात २०१५ मध्ये इंग्लिश नॅशनल ऑपेराचा एक खेळ अगदी सोज्वळपणे सुरू झाला. वाद्यवृंद, औपचारिक पोशाखातले गायक, समोर स्वरलिपीच्या वह्या. मग त्या वह्या भिरकावल्या गेल्या आणि गळे चिरणाऱ्या न्हाव्याची गोष्ट रंगमंचभर पसरली. स्टीफन सोंडहाइमचं ‘स्वीनी टॉड’ हे १९७९ साली ब्रॉडवेवर आलेलं म्युझिकल. न्हावी झाला ऑपेरातला नामांकित गायक ब्रिन टर्फेल, तर त्याची साथीदारीण सिनेमातली एमा थॉम्पसन!

ऑपेरा आणि म्युझिकलची ही सोयरीक नवी नाही. ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या ऑपेरा कंपन्यांनी हेच म्युझिकल १९८४ मध्ये केलं होतं. शिकागोच्या लिरिक ऑपेराने २०१३ मध्ये ‘ओक्लाहोमा!’ केलं, पुढे ‘द साउंड ऑफ म्युझिक’ आणि ‘कॅरोसेल’.

ऑपेरा कंपन्या म्युझिकलकडे का वळतात? तिकीटखिडकी हे कारण उघडच आहे. पण रसिकाला जास्त मोलाचं कारण दुसरं. ऑपेरा कंपनीकडे स्वतःचा मोठा वाद्यवृंद आणि कोरस असतो. खर्चापायी ब्रॉडवेवर वादकांची संख्या घटत गेली. इथे मात्र जुन्या म्युझिकलचं संगीत भरगच्च ऐकू येतं.

अडचण येते गळ्याची. ऑपेराचा गायक माइकविना दोन-तीन हजारांचं सभागृह भरून टाकतो, पण त्या भारदस्त आवाजात शब्द विरघळतात. म्युझिकलचा तर जीव शब्दांत. शिवाय मध्येच गाणं थांबवून साधं बोलायचं, विनोद पोचवायचा, नाचायचंही. म्हणून अशा खेळांत ऑपेरागृहाचा सोवळेपणा बाजूला ठेवून माइक लावले जातात.