हाड ताणले तर वाढते!

गेल्या पावसाळ्यात एक टेम्पोचालक बायकोसह माझ्याकडे आला. अपघातात त्याची नडगी मोडली होती, जखम चिघळली आणि पू झालेले चार सेंटिमीटर हाड काढून टाकावे लागले होते. शहरातल्या सर्जननी पायाभोवती लोखंडी कडी बसवायचे सुचवले होते. आतले हाड कापायचे आणि रोज थोडे थोडे ओढायचे, म्हणजे पोकळी भरून येईल. बायको म्हणाली, "डॉक्टरसाहेब, हाड म्हणजे काय रबर आहे का?"

प्रश्न अगदी बरोबर होता. याचे उत्तर शोधणारा माणूस सैबेरियाच्या सीमेवरील कुर्गान भागातला, डॉ. गॅवरिल इलिझारोव्ह (१९२१–१९९२). दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांच्याकडे न सांधलेल्या हाडांचे रुग्ण पुष्कळ, साधने मात्र तुटपुंजी. १९५० च्या सुमारास त्यांनी कड्यांचे उपकरण तयार केले. बैलगाडीच्या चाकाची धाव डोळ्यांपुढे आणा. तशी कडी पायाभोवती, आणि हाडातून आरपार गेलेल्या बारीक तारा ताणून तिला बांधलेल्या. अशी दोन-तीन कडी उभ्या दांड्यांनी जोडायची.

मुळात हे उपकरण मोडलेली टोके एकमेकांवर दाबून धरण्यासाठी होते. असे सांगतात, की एका रुग्णाचे नट उलटे फिरले, टोके जवळ येण्याऐवजी लांब गेली, आणि एक्स-रेमध्ये मधल्या फटीत नवे हाड दिसले! गोष्ट खरी असो वा रंगवलेली, इलिझारोव्ह त्यावर थांबले नाहीत. त्यांनी कुत्र्यांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले. रोज अर्धा मिलिमीटर ताणले तर हाड वेळेआधीच सांधून बसे. दोन मिलिमीटर ताणले तर नवे हाड नीट धरत नसे. एक मिलिमीटर उत्तम, आणि तोही एकदम नव्हे, थोडा थोडा.

असे का व्हावे? हाड मोडले की तिथे रक्ताची गुठळी होते. तिच्यात बारीक रक्तवाहिन्या आणि नव्या पेशी शिरतात, दोन-तीन आठवड्यांत मऊ सांधा तयार होतो, मग त्यात चुना भरत जातो. हा मऊ सांधा हळूहळू ताणत राहिले तर पेशींना काम संपल्याची खूण मिळत नाही. त्या ताणाच्या दिशेने धागे विणतात आणि त्यांवर हाड रचतात. अट एकच, रक्तपुरवठा शाबूत हवा. म्हणून हाड कापताना वरचे आवरण आणि आतला मगज जपावा लागतो.

रशियाबाहेर हे कळायला फार वेळ लागला. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये उंच उडीत सुवर्णपदक मिळवणारा व्हॅलेरी ब्रुमेल १९६५ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात सापडला. अनेक शस्त्रक्रिया होऊनही पाय बरा होईना, तेव्हा १९६८ मध्ये तो इलिझारोव्ह यांच्याकडे गेला आणि पुढे पुन्हा उडी मारू लागला. इटलीचा गिर्यारोहक कार्लो माउरी १९८० मध्ये तिथून बरा होऊन परतला, तेव्हा कुठे युरोपातले सर्जन जागे झाले.

आमच्या टेम्पोचालकाचे गणित असे होते. हाड निरोगी जागी कापल्यावर आठवडाभर थांबायचे. मग दर सहा तासांनी नटाचा पाव फेरा, म्हणजे पाव मिलिमीटर. चार सेंटिमीटरला चाळीस दिवस. नट त्याच्या बायकोने फिरवला, कपाटावर कागद लावून दर वेळी खूण करत. खरा कंटाळवाणा काळ त्यानंतरचा. नवे हाड पक्के होईपर्यंत आणखी कित्येक महिने कडी पायातच राहतात. लवकर काढायचा हट्ट मी अनेकांचा पाहिला आहे. काढली तर नवे हाड वाकते किंवा मोडते.

त्याला मी विडी आणि तंबाखू बंद करायला लावली, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. तारेपाशी लाली, पू किंवा ताप आला तर त्याच दिवशी सर्जनना दाखवायचे. पोटरीचे स्नायू आखडून टाच वर उचलली जाते, म्हणून पाऊल वर-खाली करण्याचा व्यायाम रोज. सर्जननी सांगितले तेवढा भार देऊन चालायचेही. पलंगावर पडून राहणे इथे औषध नव्हे.

परवा तो तिसऱ्या महिन्याचा एक्स-रे घेऊन आला. पोकळी होती ती खाली सरकत आलेल्या तुकड्याने मिटली आहे, आणि वर कापले तिथे विरळ ढगासारखी सावली दिसते आहे. ते नवे हाड. कडी अजून पायात आहेत, आणि नटाचा पाना बायकोच्या पिशवीत.